खारव्याचा रंग आणि पडद्याचा उजेड

सनदा, वतनाची कागदपत्रे व पत्रव्यवहार ज्या लाल जाड्याभरड्या वस्त्रात बांधून ठेवीत, तो खारवा बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतूनही आता क्वचितच दृष्टीस पडतो. आमच्या छाणीच्या घरी खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीतील असे एक दप्तर आहे. परवा वीज गेली असता नातवाने मोबाईलच्या उजेडात ते सोडले. त्याचा पडदा ‘ओएलईडी’ जातीचा, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून स्वतः प्रकाशणारा. खारव्याचा रंग आणि हा उजेड यांचे नाते जवळचे आहे, हे त्याला सांगितले तेव्हा तो हसला.

खारव्याला लाली येई ती आलाच्या मुळांपासून. युरोपात तेच काम मंजिष्ठेच्या मुळांतील अलिझरिन करी. 1868 साली ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी दगडी कोळशाच्या डांबरात सापडणाऱ्या अँथ्रासीनपासून अलिझरिन सिद्ध केले आणि काही दशकांतच आलाची शेती बसली. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन स्थापिले व प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे रंगकामाच्या शिक्षणाचा पाया घातला, त्यामागे परदेशी रंगांचे हे आक्रमण ओळखण्याची दृष्टी असावी असे मला वाटते. गज्जर 1896 मध्ये मुंबईस गेले. पुढे 1907 मध्ये त्यांच्यासह कोटिभास्कर व अमीन यांनी अलेम्बिक उभारली. 

आल मोडणारे तेच अँथ्रासीन 1963 मध्ये पुन्हा इतिहासात येते. न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या स्फटिकातून वीज सोडून उजेड मिळविला, पण त्यासाठी सुमारे 400 व्होल्ट लागले. असा दिवा घरात कोण लावणार? वाट सापडली ती 1987 मध्ये, रोचेस्टर येथील कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी एका थराऐवजी दोन थर घेतले. एक धनभार वाहणारा, दुसरा ऋणभार वाहणारा. दोहोंच्या सांध्याशी हे भार भेटले की हिरवा प्रकाश. दोन्ही थर मिळून केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाइतके, आणि वीज 10 व्होल्टांहून कमी.

यातील प्रकाश देणारा पदार्थ म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिन यांचे संयुग. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. विद्यार्थिदशेत ॲल्युमिनियमचे प्रमाण काढण्यासाठी आम्ही हाच पिवळसर साका पाडला, गाळला, वाळविला, तोलला आणि मोरीत ओतून दिला. अतिनील दिव्याखाली धरला असता तर तो तेव्हाच चकाकला असता. पण परीक्षेत फक्त वजन विचारीत, आणि अधिक विचारण्याचे आम्हालाही सुचले नाही.

कोडॅकलाही शोधाचे फळ लाभले नाही. 2009 मध्ये तिने हा व्यवसाय कोरियातील एलजी समूहाला विकला आणि 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे कलाभवन 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले. त्याच्याच वारशातील तंत्रविद्याशाखेत डॉ. के. व्ही. आर. मूर्ती यांनी प्रकाशणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास चालविला, पण तो मुख्यतः असेंद्रिय द्रव्यांचा. सेंद्रिय दिव्यांवरील काम नागपूर विद्यापीठात थेजो कल्याणी व संजय ढोबळे यांनी केले. 2012 मध्ये त्यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला.

या थरांचे मोठे वैरी म्हणजे दमट हवा आणि काळ. निळा रंग देणारे रेणू सर्वांत आधी थकतात. वीज आल्यावर नातवाने पडदा दाखविला: एकाच जागी रोज दिसणाऱ्या अक्षरफलकाची पुसट छाप त्यावर दोन वर्षांतच कायमची उमटली आहे. दप्तर मी पुन्हा बांधले. खारव्याची लाली अजून उतरलेली नाही.