खाडीकांठचें आगरी घर : कोपरखैरणें

ठाण्याच्या खाडीचा पश्चिम तीर म्हणजे साष्टी आणि पूर्व तीर म्हणजे पारसिक डोंगराच्या पायथ्याची सखल पट्टी. या पट्टींत कोपरखैरणें, बोनकोडें, घणसोली, तुर्भें हीं आगरी-कोळ्यांचीं गांवें वसलीं. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली ती पलीकडच्या तीरानें; अलीकडच्या गांवांना फार तर तिचा धूर दिसला असेल. कोपरखैरण्यास स्वतःचें स्टेशन मिळावयास २००४ साल उजाडावें लागलें. या दीर्घ एकांतांतच तेथील जुन्या घराची घडण टिकून राहिली.

आगरी हें नांवच मुळीं मिठाच्या आगरावरून आलें. उधाणाचें पाणी वाफ्यांत घ्यावें, उन्हानें तें आटवावें आणि पावसाळ्यापूर्वीं मीठ राशीस लावावें. पाऊस लागला कीं बांधाच्या आंतल्या खाजणांत राता भात पेरावा. समुद्राचें पाणी बाहेर अडविणारा बांध आणि गोड पाणी बाहेर सोडणारी उघाडी यांवर साऱ्या गांवाचा जीव असे. बांध फुटला तर खारानें जमीन दोन-तीन वर्षें नापीक होई. घराचें जोतें उंच कां, याचें उत्तर येथें सांपडतें. वरून सुमारे १०० इंच पाऊस आणि खालून उधाण, अशा दुहेरी पाण्यांत माणसाला राहावयाचें होतें.

जोत्यावर चढतांच ओटा लागे. हा ओटा म्हणजे घराची कचेरीच म्हणावयाची. पाहुण्यांस पाणी येथेंच मिळे, जाळें येथेंच विणलें जाई आणि सोयरीकही येथेंच ठरे. आंत माजघर, त्यांत भाताची कणगी. ही कणगी बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनें लिंपलेली असे, आणि घरांतील सर्वांत मोठी वस्तु बहुधा तीच. तिच्याकडे पाहून पाहुण्याला घराची ऐपत न विचारतां कळे. एका अंगास देवघर, मागें चुलीची जागा, तिच्यावर सुकट-जवळा राखावयाचा माळा. चुलीच्या धुरानें वासे काळे पडत, पण त्याच धुरानें त्यांना कीडही लागत नसे. स्वयंपाकघरास धुराडें नसणें हा नव्या दृष्टीला दोष वाटतो. जुन्या गवंड्याला तो तसा वाटला नसावा.

भिंती पूर्वीं कुडाच्या असत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा गिलावा देत. छपरावर गवत किंवा पेंढा, पुढें कुंभाराचीं नळीचीं कौलें. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि तेथील चपटें कौल गलबतांतून सबंध किनाऱ्यावर पसरलें. ज्याचें आगर चाललें त्याच्या छपरावर मंगळुरी कौल दिसूं लागलें. भिंतीही हळूहळू विटांच्या झाल्या. मात्र ओटा, माजघर, चूल हा क्रम बदलला नाहीं. लग्नाचा मांडव अंगणांत पडे, धवलारीण ओट्यावर बसून धवले गाई, आणि नवी सून उंबरा ओलांडून माजघरांत येई. घराची रचना आणि घरांतील संस्कार एकमेकांना असे जुळलेले होते.

स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुइस बेटावरहि असेंच एक गरिबाचें घर प्रसिद्ध आहे. जाड दगडी भिंती, गवताचें छप्पर, धुराडें नाहीं, आणि माणसें व गुरें एकाच आढ्याखालीं. आर्नोल गांवांतील तसें एक घर सरकारनें जतन करून त्यांतील चुलींत पीट नांवाचें मातीचें इंधन आजही जळत ठेविलें आहे.

कोपरखैरण्याच्या घरांवर मात्र निराळा प्रसंग ओढवला. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादण्याचें ठरलें. १९७३ सालीं वाशीचा पूल झाला. खाजण गेलें, आगर गेलें. राहिलें तें फक्त गांवठाण, म्हणजे घर आणि अंगण. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत गोळीबार झाला व पांच माणसें मेलीं. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

पण तोंवर कुटुंबें वाढलीं होतीं, आणि गांवठाणाची हद्द तीच राहिली होती. भावाभावांत वाटणी होई ती आतां शेताची नव्हे, घराच्या खोल्यांची. माजघर दुभागलें गेलें. कणगीला भात उरला नव्हता, म्हणून ती जागा प्रथम मोकळी झाली. मग कौलें उतरलीं, मजले चढले, तळमजल्यावर भाडेकरू आले आणि त्या भाड्यावर मिठाच्या जागीं घर चालूं लागलें. या घरमालकांना दोष देणें सोपें आहे. परंतु शेत नसलेल्या शेतकऱ्याजवळ विकावयास किंवा भाड्यानें द्यावयास दुसरें कांहींच उरलें नव्हतें, हें त्यांना नांवें ठेवणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें. कित्येक नव्या इमारतींच्या दारांतही एक अरुंद ओटा बांधलेला असतो, आणि संध्याकाळीं म्हातारीं माणसें त्यावर येऊन बसतात.