मिनिटांचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण बिस्मार्कच्या विमा कायद्यांपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ, पण प्रश्न वेगळा घेऊ. विमा तर मिळाला. पण ‘तुमचा अर्ज नामंजूर’ असं पत्र घरी आलं, तर माणसानं दाद मागायची कुठं?

१८८४ च्या अपघात विमा कायद्यातच याची सोय होती. भरपाईचा निर्णय पटला नाही, तर कामगाराला लवादाकडे जाता येई आणि तिथे मालकांच्या बरोबरीने कामगारांचेही प्रतिनिधी बसत. बिस्मार्कला कामगारांचा फार कळवळा होता अशातला भाग नाही; त्याला समाजवाद्यांना शह द्यायचा होता. पण ही सोय टिकली. १९५४ पासून पश्चिम जर्मनीत याच कामासाठी स्वतंत्र सामाजिक न्यायालयं सुरू झाली. विमाधारकाला तिथे कोर्ट फी नाही, आणि खालच्या दोन पायऱ्यांवर वकीलही सक्तीचा नाही.

१९९५ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आला. मालकांवरचा बोजा हलका करण्यासाठी प्रार्थना व पश्चात्तापाच्या दिवसाची सुट्टीच रद्द झाली. (एकट्या सॅक्सनीने ती सोडली नाही; म्हणून तिथला नोकरदार आजही हप्त्याचा मोठा वाटा स्वतः भरतो.)

आता खरी गोम पाहा. श्रेणी ठरायची ती मिनिटांवर. पहिल्या श्रेणीसाठी दिवसाला सरासरी किमान ९० मिनिटं मदत लागायला हवी. त्यातली ४५ हून अधिक अंघोळ, जेवण, उठणं-चालणं अशा मूलभूत कामांची. तपासनीस घरी येऊन हिशेब करणार. निर्णय पटला नाही, तर एक महिन्याच्या आत लेखी हरकत. तीही फेटाळली, तर पुन्हा एक महिन्यात कोर्ट. मग घरचे लोक वहीत लिहू लागले: सकाळी तोंड धुवायला किती, कपडे घालायला किती. ४३ मिनिटं भरली, तर हात रिकामे.

पण समजा, आजींना स्मृतिभ्रंश झालाय. हातपाय धड आहेत, घास स्वतः घेतात. मात्र शेगडी चालू राहते, रात्री दार उघडून त्या रस्त्यावर जातात. लेक दिवसभर पहाऱ्यावर. या पहाऱ्याची मिनिटं हिशेबात धरतच नसत. अपिलात गेलं तरी न्यायालय एवढंच बघणार, की कायद्यातली मिनिटं नीट मोजली का. मिनिटंच मोजावीत का, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. २००३ मध्ये संविधान न्यायालयानेही ही मोजणी घटनाबाह्य ठरवली नाही. आमच्या मते इथे न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. काटा कायद्यानेच बसवला होता.

तो बदलायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी थोडी वेगळी रक्कम मिळू लागली होती, इतकंच. आता तीन श्रेणींच्या जागी पाच आल्या, मिनिटांच्या जागी गुण आले, आणि प्रश्न झाला: माणूस आपलं आपण किती करू शकतो? त्यात समज आणि वागणंही आलं. स्मृतिभ्रंशाची नोंद असलेल्यांना नव्याने अर्ज न करता दोन पायऱ्या वर चढवलं गेलं. ज्यांची हरकत मिनिटांवरून फेटाळली गेली होती, त्यांतल्या कित्येकांना मात्र तोवर वेळ उरला नव्हता.

हरकतीची मुदत अजूनही तीच आहे, एक महिना.