लॉगिंग लायब्ररीवर वेष्टन का चढवतात?

ॲप चालू असताना आत काय घडतंय, याची नोंद म्हणजे लॉग. पेमेंट नेमकं कुठे अडकलं, हे त्यातूनच कळतं. या नोंदी लिहिण्याचं काम डेव्हलपर सहसा तयार लायब्ररीवर सोपवतात.

इतक्या साध्या कामात धोका कसला? डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफॉरजे २ मधली 'लॉगफॉरशेल' त्रुटी उघड झाली. विशिष्ट मजकूर लॉगमध्ये नोंदला गेला, की सर्व्हरवर परका कोड चालवता यायचा. माइनक्राफ्टमध्ये तर चॅटमधला एक मेसेज पुरेसा होता! गांभीर्य १० पैकी १०. पहिली दुरुस्तीही अपुरी पडली.

अशा वेळी लायब्ररीच बदलायची ठरवली आणि तिचं नाव कोडमध्ये शेकडो ठिकाणी थेट लिहिलेलं असलं, तर वैताग. म्हणून मध्ये एक थर ठेवतात. जावात एसएलएफफॉरजे हेच काम करतं: कोड त्याच्याशी बोलतो, मागे लॉगबॅक वापरायचं की लॉगफॉरजे, हे नंतरही ठरवता येतं.

काही जण स्वतःचं वेष्टन लिहितात. मग एक घोळ हमखास होतो. नोंद कुठल्या ओळीवरून आली हे बघायला जावं, तर लॉगमध्ये प्रत्येक वेळी वेष्टनाच्याच फाइलचं नाव! पायथनमध्ये ३.८ आवृत्तीपासून त्यासाठी 'स्टॅकलेव्हल' ही सोय आहे.