वजा सोळा हजार बावीस

७ नोव्हेंबर २०००. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. फ्लोरिडा राज्यातील व्होलुशिया काउंटीत (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्हा) रात्री दहाच्या सुमारास डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका स्थानिक पदाधिकारी बाईंनी निवडणूक कार्यालयात दूरध्वनी केला. अल गोर ८३ हजार, जॉर्ज डब्ल्यू. बुश ६२ हजार, असे उत्तर मिळाले. अर्ध्या तासाने त्यांनी काउंटीचे संकेतस्थळ उघडले, तेव्हा गोर यांची सोळा हजार मते नाहीशी झालेली होती.

मतमोजणीत आघाडी कमी-जास्त होते, पण एकदा मिळालेली मते परत जात नाहीत. इथे ती गेली होती. डिलँड गावातील २१६ क्रमांकाच्या मतदान केंद्राने गोर यांच्या नावावर वजा १६,०२२ मते जमा केली होती. त्या केंद्रावर मतदार होते सहाशेच्या आसपास. त्याच केंद्राने सोशालिस्ट वर्कर्स पक्षाचे जेम्स हॅरिस यांना सुमारे दहा हजार मते बहाल केली. या हॅरिस यांना संपूर्ण अमेरिकेत मिळून अखेरीस आठ हजारही मते पडली नाहीत!

आपल्याकडील ईव्हीएमचे चित्र इथे डोळ्यांपुढे आणू नये. व्होलुशियातील मतदार कागदी मतपत्रिकेवर खूण करीत आणि ती यंत्रात सरकवीत. यंत्र खूण वाचून बेरीज ठेवी, आणि मतदान संपल्यावर ती बेरीज मेमरी कार्डावरून मुख्य कार्यालयाच्या संगणकात जाई. ‘ग्लोबल इलेक्शन सिस्टिम्स’ या कंपनीची ही यंत्रे. कार्ड सदोष होते, असे नंतर सांगण्यात आले.

एवढ्यावर ही गोष्ट एका जिल्ह्याची गंमत म्हणून संपली असती. ती संपली नाही, कारण त्या रात्री त्या आकड्यांवर एक दुसरी यंत्रणाही अवलंबून होती, आणि ती कोणत्याही संगणकापेक्षा जास्त विश्वासाने लोक पाहत होते. ती यंत्रणा म्हणजे दूरचित्रवाणी.

त्या काळात अमेरिकेतील एबीसी, सीबीएस, एनबीसी, सीएनएन आणि फॉक्स या पाचही वाहिन्यांना निवडणुकीचे आकडे ‘व्होटर न्यूज सर्व्हिस’ या एकाच संस्थेकडून मिळत. ही संस्था या वाहिन्यांनी आणि ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने मिळूनच चालविली होती. पूर्वी प्रत्येक मोठी वाहिनी स्वतःची माणसे नेमून मतदानोत्तर चाचणी करी. १९८५-८६ च्या सुमारास तिन्ही जुन्या वाहिन्यांची मालकी किंवा सूत्रे नव्या हातांत गेली आणि वृत्तविभागाकडे खर्चाचे खाते म्हणून पाहिले जाऊ लागले. १९८७ मध्ये सीबीएसच्या वृत्तविभागातून दोनशेहून अधिक लोकांना काढण्यात आले. १९९० मध्ये खर्च वाचविण्यासाठी मतदानोत्तर चाचण्या एकत्र केल्या गेल्या आणि १९९३ मध्ये मतमोजणीचे आकडे गोळा करण्याचे कामही त्यातच विलीन झाले. पाच वाहिन्या, पाच स्टुडिओ, पाच निवेदक आणि आकड्यांचा झरा एकच. प्रेक्षकाला मात्र पाच साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत असा भास होई.

फ्लोरिडाने त्या संध्याकाळी एकदा तोंडघशी पाडलेच होते. पावणेआठ-आठच्या दरम्यान वाहिन्यांनी राज्य गोर यांना देऊन टाकले. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असते आणि तिथे मतदान अजून सुरू होते, याची फिकीर कोणी केली नाही. दहाच्या सुमारास तो निकाल मागे घ्यावा लागला.

मग पहाटेचे दोन वाजून गेले. आता सारी निवडणूक फ्लोरिडावर येऊन ठेपली होती. दोन वाजून नऊ मिनिटांनी व्होलुशियाचे चुकलेले आकडे ‘व्होटर न्यूज सर्व्हिस’च्या बेरजेत शिरले. एका फटक्यात गोर यांची दहा हजारांहून अधिक मते घटली, बुश यांची जवळजवळ तितकीच वाढली आणि बुश यांची राज्यातील आघाडी ५१ हजारांपलीकडे गेलेली दिसू लागली. दोन वाजून सोळा मिनिटांनी फॉक्सने बुश यांना अध्यक्ष घोषित केले. तिथला निकाल ठरविणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन एलिस हे बुश यांचे सख्खे आतेभाऊ होते. पण या नात्यावर सारे खापर फोडणे सोपे आहे, पुरेसे नाही. पुढच्या चारच मिनिटांत उरलेल्या चारही वाहिन्यांनी तोच निकाल दिला, आणि त्यांच्याकडे कोणी आतेभाऊ नव्हता.

असोसिएटेड प्रेसने मात्र निकाल दिला नाही. तिची मतमोजणीची स्वतंत्र व्यवस्था अजून शिल्लक होती, आणि व्होलुशियाची दुरुस्ती त्या मोजणीत लवकर पोहोचली. वाहिन्या बुश यांचे अभिनंदन करीत होत्या, त्याच वेळी असोसिएटेड प्रेसच्या आकड्यांत बुश यांची आघाडी झपाट्याने आटत होती.

गोर यांनी दूरचित्रवाणीवर विश्वास ठेवला. त्यांनी बुश यांना दूरध्वनी करून पराभव मान्य केला आणि भाषणासाठी नॅशव्हिलच्या वॉर मेमोरियलकडे निघाले. गाड्यांचा ताफा पोहोचत असताना एका सहायकाच्या पेजरवर निरोप आला, की आघाडी काही हजारांवरून काहीशे मतांकडे घसरत आहे. भाषण झाले नाही. गोर यांनी पुन्हा दूरध्वनी करून आपला शब्द मागे घेतला. चारच्या सुमारास वाहिन्यांनीही आपला निकाल मागे घेतला.

पुढचे छत्तीस दिवस सर्वांना ठाऊक आहेत: छिद्रे पाडलेली कार्डे, त्यांना चिकटून राहिलेले कागदाचे तुकडे, पाम बीचची गोंधळात टाकणारी मतपत्रिका, आणि १२ डिसेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. अधिकृत फरक ठरला ५३७ मतांचा. या गदारोळात व्होलुशिया विस्मरणात गेली, याचे कारण साधे आहे. तिथे कागद होता. सुमारे १ लाख ८४ हजार मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजल्या गेल्या आणि काम मुदतीत संपले. यंत्राचा सर्वांत हास्यास्पद आकडा जिथे निघाला, तिथला वाद सर्वांत लवकर मिटला.

सीबीएसने स्वतःच्या चुकीची चौकशी करवून जानेवारी २००१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वृत्तसंस्थांच्या इतिहासात इतकी प्रांजळ कागदपत्रे थोडी असतील. निकाल ठरविणाऱ्या चमूने असोसिएटेड प्रेसचे आकडे किंवा राज्याच्या निवडणूक खात्याचे संकेतस्थळ ताडून पाहिले असते आणि स्वतःच्याच वार्ताहरांकडून येणाऱ्या गडबडीच्या बातम्यांकडे लक्ष दिले असते, तर ही चूक टळली असती, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे माहिती इमारतीत होती. ती एका दालनातून दुसऱ्या दालनात गेली नाही.

वर्तमानपत्रांनी त्या वर्षी वेगळा मार्ग धरला. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार मतपत्रिका हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. कोणीही तो पाहण्याची मागणी करू शकतो. न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, वॉल स्ट्रीट जर्नल यांच्याबरोबरच सेंट पीटर्सबर्ग टाइम्स आणि पाम बीच पोस्ट ही फ्लोरिडाची दैनिके एकत्र आली. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेच्या माणसांनी जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन यंत्रांनी बाद ठरविलेल्या १,७५,०१० मतपत्रिका एकेक करून डोळ्यांखालून घातल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेला निष्कर्ष कोणत्याच पक्षाला सोयीचा नव्हता. गोर यांनी मागितली होती तेवढ्याच जिल्ह्यांत फेरमोजणी झाली असती तर बुश जिंकले असते. संपूर्ण राज्यातील बाद मते मोजली असती तर गोर निसटत्या फरकाने पुढे गेले असते. देशाचे लक्ष तोवर ११ सप्टेंबरकडे वळलेले होते. तरीही ते काम झाले, कारण ते करण्याइतके पैसे आणि माणसे त्या दैनिकांकडे तेव्हा होती.

राजकारण्यांनी फ्लोरिडापासून उलटाच धडा घेतला. छिद्रांच्या कार्डांनी घोळ केला, तेव्हा कागदच नको! ऑक्टोबर २००२ च्या कायद्याने मतदान सुधारणांसाठी ३.९ अब्ज डॉलरची तरतूद झाली आणि अनेक राज्यांनी स्पर्शपटलाची कागदविरहित यंत्रे घेतली. त्याच वर्षी डिबोल्ड या तिजोऱ्या आणि एटीएम बनविणाऱ्या कंपनीने ग्लोबल इलेक्शन सिस्टिम्स विकत घेतली.

या घाईची किंमत २००६ मध्ये सारासोटाने मोजली. प्रतिनिधिगृहाची जागा तीच, जी २००० च्या फेरमोजणीत गाजलेल्या कॅथरिन हॅरिस सोडत होत्या. विजयी उमेदवाराचे मताधिक्य ३६९. आणि एकट्या सारासोटा काउंटीत १८ हजारांहून अधिक मतदारांचे या लढतीसाठी मतच नोंदलेले नव्हते. यंत्रांवर साधारण दर सातांतील एकाचे मत कोरे, तर त्याच काउंटीच्या टपाली कागदी मतपत्रिकांवर हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास. पटलावरील मांडणीमुळे ती लढत नजरेतून सुटली, असे अनेक अभ्यासकांचे मत पडले. यंत्रात बिघाड असल्याचा पुरावा सरकारी तपासणीत सापडला नाही. तथापि फेरमोजणी म्हणजे यंत्राला तोच प्रश्न पुन्हा विचारणे, आणि यंत्राने तेच उत्तर पुन्हा देणे. १८ हजार माणसांच्या मनात काय होते, ते शोधायला कागदाचा एक तुकडाही नव्हता. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा करून कागदी मतपत्रिका परत आणली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये व्हीव्हीपॅटचा आग्रह धरला, त्यामागची चिंता याच जातीची होती.

आणि ती वजा मते? डिसेंबर २००५ मध्ये फ्लोरिडाच्याच लिऑन काउंटीत तेथील निवडणूक अधिकारी आयन सांचो यांनी एक प्रयोग होऊ दिला. हॅरी हुर्स्ती या फिनलंडच्या संगणकतज्ज्ञाने डिबोल्डच्या मेमरी कार्डावर आधीच एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला तितकीच वजा मते भरून ठेवली. दोहोंची बेरीज शून्य, म्हणून यंत्र सुरुवातीला कोरे दिसले. आठ मतपत्रिका टाकल्या गेल्या: सहा ‘नाही’, दोन ‘होय’. यंत्राने छापले: सात ‘होय’, एक ‘नाही’. यावरून २००० साली व्होलुशियात घातपात झाला होता असे सिद्ध होत नाही. तसे सांगणारे इतिहास नव्हे, अफवा सांगतात. कार्डावर उणे मतांना जागा होती, आणि ती आहे हे ओळखायला कोणी बाहेरचा माणूस पाच वर्षांनी यावा लागला, इतकेच त्यातून सिद्ध होते.

एव्हाना हे काम करणारी वर्तमानपत्रे खचू लागली होती. जाहिराती इंटरनेटवर गेल्या. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ मध्ये ७१ हजार माणसे होती. २०२० मध्ये ३१ हजार उरली. सर्वांत बोलका हिशेब व्होलुशियाचाच आहे. तिथले डेटोना बीच न्यूज-जर्नल हे दैनिक अनेक दशके एकाच कुटुंबाच्या हाती होते. मालकीच्या वादात २००६ मध्ये न्यायालयाने त्यातील निम्म्याहून कमी हिश्श्याची किंमत १२.९ कोटी डॉलर ठरविली. २०१० मध्ये अख्खे दैनिक विकले गेले, ते सुमारे दोन कोटींना. त्यानंतरच्या दहा वर्षांत ते आणखी दोन साखळी कंपन्यांच्या हातांतून गेले. निवडणुकीच्या रात्री जिल्हा कार्यालयात बसून ‘ही बेरीज मागे कशी गेली?’ असे विचारणारा पगारी माणूस अशा दैनिकाच्या ताळेबंदात सर्वांत आधी अनावश्यक ठरतो.

अशा स्थितीत २०२० ची निवडणूक आली. मिशिगन राज्यातील अँट्रिम या लहानशा, रिपब्लिकन वळणाच्या काउंटीत पहिल्या आकड्यांनुसार जो बायडेन सुमारे तीन हजारांनी पुढे होते. मतपत्रिकेत ऐनवेळी बदल झाले होते आणि सर्व यंत्रांत ते भरले गेले नव्हते. मानवी चूक, दुसऱ्या दिवशी ध्यानात आली आणि सुधारली गेली. पण वीस वर्षांत हवा पालटली होती. २००० मध्ये वाहिन्यांनी चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला. आता फॉक्सच्या काही कार्यक्रमांतून बरोबर आकड्यांवरचा अविश्वास आठवडेच्या आठवडे प्रसारित झाला. यंत्रे पुरविणाऱ्या डोमिनियन कंपनीने दावा लावला. हे आरोप खोटे असल्याचे न्यायाधीशांनी खटल्यापूर्वीच नमूद केले, आणि वाहिनीतील लोकांचा स्वतःचाच त्यांवर विश्वास नव्हता, हे त्यांच्या खासगी संदेशांतून उघड झाले. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

अँट्रिममध्ये मात्र कोणी न्यायालयाची वाट पाहत बसले नाही. १७ डिसेंबर २०२० रोजी काउंटीतील अध्यक्षपदाची सर्व कागदी मते टेबलावर ओतून हातांनी मोजण्यात आली. इंटरनेटवरून ज्याला हवे त्याला ती मोजणी पाहता येत होती. पंधरा हजारांहून अधिक मतपत्रिका होत्या. यंत्राच्या दुरुस्त बेरजेशी ताडून पाहता मताधिक्यातला फरक निघाला बारा मतांचा.