बचावपटूची नोकरी

१७ मार्च २०१९, मुंबई. आयएसएलची फायनल, जादा वेळेतलं ११७वं मिनिट. कॉर्नरवर मुंबईकर राहुल भेकेनं हेडर मारला आणि बंगळुरूनं गोव्याला १-० हरवलं. बचावपटूचं नाव असं गोल केल्यावरच गाजतं; त्यानं अडवलेले गोल स्कोअरबोर्डवर दिसत नाहीत.

त्याआधी भेके ईस्ट बंगालकडे होता. २०१५ मध्ये केरळा ब्लास्टर्सकडून, २०१६ मध्ये पुणे सिटीकडून तो लोनवर खेळला. दर हंगामात नवी जर्सी.

अंतरवाली सराटीत बसून मी विचार करतो तो इतकं वर न पोहोचलेल्या बचावपटूंचा. मुंबईत एअर इंडिया, रेल्वे, महिंद्रा यांचे संघ होते. कंपनीच्या संघात खेळणाऱ्याला नोकरीचा आधार असायचा. गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेली महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. २०१७ मध्ये मुंबई एफसी आय-लीगच्या तळाला गेली.

आयएसएलनं पैसा आणला, पण जागा मोजक्याच. खालच्या लीगमधल्या पोराकडे आज हंगामापुरता करार असतो. म्हणून मला भेकेच्या गोलाइतकीच ती गेलेली नोकरीही महत्त्वाची वाटते.