विंचू, आघाडा आणि जुन्या किताबा

विंचू चावला की आघाड्याचे मूळ उगाळून दंशावर लावायचे, हा उपाय वैदूंना ठाऊक आहे, तसा हकिमांनाही. युनानीत या झुडपाला चिरचिटा म्हणतात. नाव बदलले तरी झुडूप तेच. अशी उदाहरणे देऊन 'सगळे आपल्या किताबांत आधीच आहे' असे अनेकजण सांगतात. हा दावा मला तपासावासा वाटतो.

पहिल्या शतकातल्या डायस्कोरिडीज या ग्रीक वैद्याच्या वनस्पतिग्रंथात विषारी दंशांवरची औषधे आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याचे अरबी भाषांतर झाले. ते तपासून दुरुस्त केले हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने. पुढे अंदलुसमध्ये जन्मलेल्या इब्न अल-बैतारने (मृत्यू १२४८) सुमारे १४०० द्रव्यांचा कोश रचला. तो पूर्वसूरींची मते नाव घेऊन देतो आणि त्यांच्या चुकाही दाखवतो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात ग्रीक पंडितांच्या शब्दापेक्षा स्वतः पाहिलेल्याला जास्त मान दिला.

म्हणजे या परंपरेचा कणा पडताळणी हा होता.

आता कोकणात येऊ. काळा विंचू चावला तर आग होते, पण बहुधा काही तासांत माणूस आपोआप सावरतो आणि श्रेय मुळीला मिळते. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याच्या विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्ररात्र जागून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरली. शेकडा तीस-चाळीस मृत्यू होत, ते प्रमाण एक-दोनवर आले.

बावस्करांनी आघाड्याचा अपमान केला नाही. इब्न अल-बैतारने जे केले तेच त्यांनी केले: आधी पाहिले, मग लिहिले. त्याचा वारसा सांगायचा तर आपणही तसेच वागायला हवे. घरात आघाडा उगाळायचा तर उगाळा, पण त्यासाठी थांबू नका. दंशानंतर दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर तो लाल विंचू समजा आणि त्या क्षणी दवाखाना गाठा. मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका.