पहिल्या राउंडचा उजवा

किन्शासात पहाटेचे चार वाजले, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ झाले होते. तारीख ३० ऑक्टोबर १९७४. अमेरिकेतल्या प्रेक्षकांची रात्रीची वेळ साधावी म्हणून झाईरमध्ये अशी अवेळी घंटा वाजली आणि ३२ वर्षांचा महंमद अली २५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनसमोर उभा राहिला. फोरमन तोवर ४० लढती जिंकलेला, त्यांतल्या ३७ नॉकआउटने. जो फ्रेझियरला त्याने दोन राउंडांत सहा वेळा लोळवलं होतं.

आमच्या आजोळी ही लढत पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. आजोबा कोल्हापूरच्या तालमीत घडलेले पैलवान, तर थोरले मामा फौजेत बॉक्सिंग शिकलेले. रात्रीची जेवणं आटोपून पानाचा डबा उघडला, की कुणीतरी अलीचं नाव काढायचंच.

आजोबांचं म्हणणं साधं होतं. "आरं, दोराला टेकून दमवला त्यानं त्याला. दमला आन् पडला."

"आबा, दमला तो मागाहून. आधी बावचळला," मामा म्हणायचे आणि उठून उभे राहायचे. डावा पाय पुढे, डावी मूठ पुढे, उजवी हनुवटीजवळ. उजव्या हाताला समोरच्याच्या तोंडापर्यंत लांबचा पल्ला असतो, म्हणून आधी डाव्याचा जॅब आणि त्याच्या आडून उजवा, हा रिवाज. नुसता उजवा फेकला तर समोरच्याला तो येताना दिसतो, आणि चुकला तर आपलीच बाजू उघडी पडते. कसलेल्या मुष्टियोद्ध्यावर तो वापरणं म्हणजे त्याला कच्चा समजणं. अलीने पहिल्याच राउंडमध्ये तो पुन्हा पुन्हा वापरला! फोरमनची तयारी होती नाचणाऱ्या, जॅब मारत फिरणाऱ्या अलीसाठी. त्याची वाट अडवून त्याला कोपऱ्यात कोंडायचं, हा बेत. समोरून उघडे उजवे येऊ लागल्यावर तो चिडला आणि पुढचे राउंड रागाने मोठमोठे ठोसे फेकत राहिला.

मला मामांचं पटतं. दोराची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून तीच जगभर पसरली. आणि तीही अर्धीच. दुसऱ्या राउंडपासून अली दोराला रेलला, हे खरं. उकाड्याने दोर सैल पडले होते, त्यामुळे त्याला मागे झुकायला जागा मिळत होती आणि बरेचसे फटके त्याच्या दंडांवर जात होते. पण तो नुसता मार खात नव्हता. फटक्यांच्या फटीतून त्याचे सरळ, आखूड ठोसे फोरमनच्या तोंडावर बसत होते. फोरमनचा चेहरा सुजला तो त्यांनी.

पुढे घरात व्हिडिओ कॅसेट आली. तोवर वाद सगळा वर्तमानपत्रांच्या आधारावर. आजोबा पडद्याला अगदी भिडून बसले होते. दोघे एकमेकांना बिलगले असताना ते एकदम म्हणाले, "थांबीव. मान बघ."

अलीचा हात फोरमनच्या मानेमागे होता आणि सगळा भार त्या मानेवर. मामांनी कॅसेट मागे घेतली. पुढच्या राउंडांतही तेच. बॉक्सिंगच्या नियमात हे बसत नाही. कुस्तीत मात्र मान दाबून गडी खिळखिळा करणं हा जुनाच डाव. आयुष्यभर मुठींकडेच बघत आलेल्या मामांना ते कधी दिसलं नव्हतं.

मग आठवा राउंड आला. अली दोरावरून सुटला, ठोशांची माळ लागली, डाव्या हुकने फोरमनचं डोकं वर आलं आणि त्या तोंडावर सरळ उजवा बसला. फोरमन गिरकी घेत खाली गेला. पडत्या फोरमनवर अलीने आणखी एक हात उगारून धरला होता, पण मारला नाही.

"शेवटी उजवाच," मामा म्हणाले.

"त्यो तर दिसतोयच," आजोबा म्हणाले. "पर ती मान ताठ असती, तर डाव्यानं अशी वर आली असती व्हय?"

मामांनी आठवा राउंड पुन्हा पहिल्यापासून लावला.